८७ मतांचा हिशेब : एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

आमच्या बंदरगावातील वाचनालयाने यंदा आषाढाच्या अखेरीस सुरू करून गणेश चतुर्थीच्या आदल्या रविवारी संपवलेला पाच रविवारांचा अभ्यासवर्ग मी पूर्ण केला. विषय होता अमेरिकेतील टेक्सास राज्याची १९४८ सालची सिनेटची निवडणूक. सुमारे ९ लाख ८८ हजार मतांपैकी अवघ्या ८७ मतांच्या आघाडीने लिंडन जॉन्सन यांना विजयी ठरवणारी आणि पुढे पंधरा वर्षांनी ज्यांच्या हाती अमेरिकेचे राष्ट्राध्यक्षपद आले त्यांची वाट मोकळी करून देणारी ही निवडणूक. वर्गाचे शुल्क ४०० रुपये होते आणि त्यात छापील संच, चहा व एकदा घावणे यांचा समावेश होता. हाच वर्ग पुढील वर्षी किनाऱ्यावरील इतर वाचनालयांतही घेण्याचा कार्यकारिणीचा विचार आहे. त्यामुळे ज्यांना तो आपल्या गावी बोलवायचा आहे, त्यांना त्याचे गुण आणि उणिवा आधीच कळाव्यात, या हेतूने हे परीक्षण लिहीत आहे.

विषय वाचून मी प्रथम कपाळाला आठ्या घातल्या, हे कबूल केले पाहिजे. आपल्याकडे निवडणुकांचा तुटवडा नसताना टेक्सासपर्यंत जाण्याचे कारण काय, असे मी चिटणीसांना विचारले. आपल्या तालुक्यातील एखाद्या निवडणुकीवर वर्ग घेतला असता तर दुसऱ्या रविवारी निम्मे लोक उठून गेले असते आणि तिसऱ्या रविवारी उरलेल्यांत भांडण झाले असते, असे त्यांनी शांतपणे सांगितले. उत्तर बिनतोड होते. दूरच्या निवडणुकीत आपला कोणी उमेदवार नसतो, त्यामुळे कागद कागदासारखा वाचता येतो, आणि या वर्गाचे जे काही खरे बळ आहे ते मला या कागद वाचण्यातच आढळले. जिथे वक्ते कागदावर राहिले तिथे वर्ग उत्कृष्ट झाला आणि जिथे ते माणसांच्या किश्श्यांत रमले तिथे तो सैल पडला.

वर्ग घेणारे गृहस्थ राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. पहिल्या रविवारी त्यांनी पार्श्वभूमी मांडली आणि ती चांगली मांडली. अमेरिकेच्या सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन सदस्य असतात आणि त्यांची मुदत सहा वर्षांची असते, एवढे आमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक होते. त्या काळातील टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक पक्षापुढे दुसऱ्या पक्षाचा टिकाव लागत नसे, त्यामुळे नोव्हेंबरमधील सार्वत्रिक निवडणूक हा निव्वळ उपचार उरला होता आणि खरी लढत उन्हाळ्यात पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीतच होत असे, ही गोष्ट मात्र अनेकांना नवी होती. आपल्याकडे पक्षाची उमेदवारी मुंबईत नाहीतर दिल्लीत बंद दाराआड ठरते आणि कार्यकर्त्याला ती वर्तमानपत्रातून कळते. तिथे तीच उमेदवारी ठरवण्यासाठी मतदार रांगेत उभे राहत. मात्र त्या रांगेत उभे राहण्यापूर्वी १.७५ डॉलरचा मतदान कर भरावा लागत असे, आणि १९४४ साली टेक्सासमधूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती प्रथा बेकायदा ठरवेपर्यंत कृष्णवर्णीय नागरिकांना या प्राथमिक निवडणुकीत मतदानच करता येत नव्हते. म्हणजे १९४८ साली त्यांना हा हक्क मिळून जेमतेम चार वर्षे झाली होती. हा संदर्भ सरांनी सुरुवातीलाच दिला, हे योग्य झाले.

याच रविवारी त्यांनी १९४१ सालची गोष्ट सांगितली, आणि सगळ्या वर्गाची किल्ली तीत होती असे आता वाटते. त्या वर्षी जून महिन्यात सिनेटच्या एका जागेसाठी पोटनिवडणूक झाली. अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाचे तरुण सदस्य जॉन्सन मोजणीत पुढे होते, आणि अखेरीस पिठाच्या व्यापारातून व रेडिओवरील गाण्याबजावण्यातून नावारूपाला आलेले राज्यपाल ओ'डॅनियल १,३११ मतांनी निवडून आले. जॉन्सन यांच्या बाजूने आपल्या हुकमी भागांतले आकडे आधीच जाहीर करून टाकले होते. त्यामुळे किती मते कमी पडतात हे समोरच्या बाजूला नेमके कळले आणि उशिरा आलेल्या आकड्यांनी ती भरून निघाली. आपला आकडा शेवटपर्यंत झाकून ठेवायचा, हा धडा जॉन्सन त्या पराभवातून शिकले. १९४८ साली तीच ओ'डॅनियल यांची जागा पुन्हा रिकामी झाली, कारण त्यांनी उभे न राहण्याचे ठरवले.

दुसऱ्या रविवारबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. जॉन्सन यांनी प्रचारासाठी हेलिकॉप्टर वापरले, खेड्याच्या मैदानावर उतरताना ते खिडकीतून आपली हॅट खाली फेकत, लोकांनी त्या यंत्राला 'जॉन्सन सिटीची पवनचक्की' असे नाव दिले, तर त्यांचे प्रतिस्पर्धी माजी राज्यपाल कोक स्टीव्हन्सन जुन्या मोटारीतून गावोगावच्या न्यायालयासमोरील चौकात जाऊन मितभाषीपणे हस्तांदोलन करत, हे सर्व ऐकायला रंजक होते. परंतु अडीच तासांपैकी दीड तास हेलिकॉप्टरवर जाणे काही बरोबर नव्हते. त्या दिवशी पाऊस इतका होता की सभागृहाच्या पत्र्यांवरील आवाजात सरांचा आवाज दोनदा बुडाला आणि कोणीही तक्रार केली नाही. कामगार संघटनांवर बंधने घालणाऱ्या १९४७ च्या कायद्याबाबत स्टीव्हन्सन यांनी भूमिका स्पष्ट करण्याचे टाळले आणि जॉन्सन यांनी त्या मौनाचे भांडवल केले, हा प्रचारातील खरा राजकीय मुद्दा होता. तो शेवटच्या दहा मिनिटांत उरकला गेला.

तिसरा रविवार मात्र असा होता की त्या एका सत्रासाठी पूर्ण शुल्क द्यायला मी पुन्हा तयार होईन.

सुरुवातीला सरांनी फळ्यावर आकडे मांडले. २४ जुलैच्या पहिल्या फेरीत स्टीव्हन्सन यांना ४ लाख ७७ हजारांच्या आसपास, जॉन्सन यांना ४ लाख ५ हजारांवर आणि ह्यूस्टनचे वकील जॉर्ज पेडी यांना सुमारे २ लाख ३७ हजार मते पडली. कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसल्याने पहिल्या दोघांत २८ ऑगस्ट रोजी दुसरी फेरी झाली. म्हणजे जॉन्सन सुमारे ७१ हजार मतांची पिछाडी घेऊन या फेरीत उतरले होते. त्या शनिवारी रात्री मोजणी सुरू झाली ती संपेचना. राज्याचे एकत्रित आकडे सरकार देत नसे, वर्तमानपत्रांनी मिळून चालवलेले एक कार्यालय ते गोळा करून जाहीर करत असे. काउंटी काउंटीतून, म्हणजे तिथल्या जिल्ह्याजिल्ह्यांतून, 'दुरुस्त' आकडे येत राहिले आणि आघाडी इकडून तिकडे झुकत राहिली. दक्षिण टेक्सासमधील ड्युव्हल काउंटीत जॉर्ज पार नावाच्या पुढाऱ्याची सत्ता होती आणि त्यांना लोक 'ड्युव्हलचे ड्यूक' म्हणत. तिथे जॉन्सन यांना चार हजारांहून अधिक मते आणि स्टीव्हन्सन यांना जेमतेम ४० मते पडली होती. स्टीव्हन्सन तरीही काही शे मतांनी पुढे होते. मतदानानंतर सहा दिवसांनी, ३ सप्टेंबरला, ड्युव्हलला लागून असलेल्या जिम वेल्स काउंटीतील ॲलिस या गावाच्या 'पेटी क्रमांक १३' चा सुधारित आकडा आला. जॉन्सन यांची ७६५ मते आता ९६५ झाली होती. स्टीव्हन्सन यांच्या खात्यावर दोन मते वाढली होती. एकूण नावे वाढली २०२.

इथे सरांनी एक काम केले, जे मी कोणत्याही व्याख्यानात आजवर पाहिलेले नाही. त्यांनी काही बोलण्याऐवजी प्रत्येक टेबलावर एक वही ठेवली. ती आपल्याकडच्या शालेय हजेरीपटासारखी, लाल कापडी पाठीची जाड वही होती आणि तीत एका कल्पित मतदान केंद्रावर मतदान करून गेलेल्यांची नावे ओळीने लिहिलेली होती. नावे सगळी आपल्याकडचीच होती, म्हणजे परब, सावंत, गावडे, फर्नांडिस, केळुसकर, खोत. वही तपासा आणि काही आढळले तर सांगा, एवढीच सूचना होती. आमच्या टेबलावर तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसले होते, त्यांना सगळे नाना म्हणतात. नानांनी निवडणूक शाखेत पंचवीस वर्षे काढली आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वही नाकाजवळ नेली, पाने उलटली, शेवटून चौथ्या पानावर बोट ठेवले आणि म्हणाले, "ह्यां हयसून पुढे सगळां एकाच हातान लिवलेलां आसा. शायय येगळी आसा." मग थोडे थांबून त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आली नव्हती. त्या ठिकाणापासून आडनावे अक्षरांच्या क्रमाने येत होती. आधी अणसुरकर, मग आंगणे, मग कांबळी, मग कुबल.

"रांगेत माणसां आडनावान उभी रवतत काय?" असे नानांनी विचारले आणि सभागृहात हशा पिकला. खरोखर, ज्याने केंद्रावर दिवस काढला आहे त्याला हे सांगावे लागत नाही. मतदार वाडीवाडीने येतात, एका घरातल्या बायका स्वयंपाक उरकून एकत्र येतात, होडी किनाऱ्याला लागली की खलाशी थेट ओल्या पायांनी येतात, म्हाताऱ्यांना रिक्षातून आणले जाते. यादी अक्षरांच्या क्रमाने असते, माणसे नसतात. ॲलिसच्या त्या यादीबद्दल जे पाहणाऱ्यांनी सांगितले ते नेमके हेच होते. शेवटची २०० वर नावे एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात आणि बरीचशी वर्णानुक्रमाने होती. ज्यांची नावे यादीत होती त्यांच्यापैकी काहींनी आपण त्या दिवशी मतदानाला गेलोच नव्हतो असे सांगितले. आणि ७६५ चे ९६५ करायला सातच्या आकड्याला फक्त एक वळण द्यावे लागते, हे सरांनी फळ्यावर खडूने करून दाखवले. तिथे मात्र कोणी हसले नाही.

मी स्वतः माध्यमिक शाळेत शिक्षक असताना सहा वेळा निवडणुकीचे काम केले आहे, त्यांपैकी दोनदा केंद्राध्यक्ष म्हणून. कागदी मतपत्रिकांच्या काळात मतदान संपल्यावर मतपत्रिकांचा हिशेब लिहिताना मेणबत्तीवर लाख वितळवून पितळी शिक्का उमटवण्याची घाई आणि बाहेर एसटीच्या गाडीचा वाजणारा हॉर्न मला अजून आठवतो. त्या वेळी तो हिशेब म्हणजे डोकेदुखी वाटे. किती मतपत्रिका मिळाल्या, किती दिल्या, किती उरल्या, किती रद्द झाल्या, बेरीज जुळली पाहिजे. आता यंत्रे आल्यावर तेच काम 'सतरा सी' या नमुन्यात होते आणि त्याची प्रत तिथल्या तिथे मतदान प्रतिनिधींच्या हाती द्यावी लागते. त्या रविवारी त्या वहीवर हात ठेवून बसलो असताना मला प्रथमच उमगले की त्या प्रतीचा उपयोग काय. रात्री आठ वाजता एकूण आकडा चार वेगवेगळ्या पक्षांच्या चार खिशांत गेलेला असला, तर सहा दिवसांनी सातचा नऊ करणारा हात काय करणार? मतदाराची सही किंवा अंगठा नोंदवहीत घेण्याचा आपल्याकडचा नियम तर त्याहून पुढचा आहे. ॲलिसच्या यादीत मतदाराचे नाव केंद्रावरचा माणूसच लिहीत होता.

एक उणीव इथेच नोंदवतो, कारण ती याच सत्रातील आहे. छापील संचात पेटी क्रमांक १३ च्या प्रमुखाला 'निवडणूक न्यायाधीश' म्हटले आहे. इंग्रजी शब्दाचा हा शब्दशः अनुवाद असून त्याने वर्गात बराच वेळ घोटाळा झाला. एका ताईंनी तर न्यायाधीशच जर असे करत असेल तर दाद कोणाकडे मागायची, असा प्रश्न विचारला. हा माणूस न्यायालयात बसणारा नव्हता, आपल्या भाषेत तो केंद्राध्यक्ष होता. तसेच 'पेटी' हा शब्द टेक्सासमध्ये लोखंडी पेटीबरोबरच त्या मतदान केंद्रालाही लावला जाई, हे संचात कुठेच स्पष्ट केलेले नाही. आपल्याकडे तर या शब्दाचा आणखी एक जुना अर्थ आहे. पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे आणि मतदार मतपत्रिकेवर कोणतीही खूण न करता ती आपल्या पसंतीच्या पेटीत टाकत असे. १९५७ साली बॅरिस्टर नाथ पै राजापूरमधून लोकसभेवर प्रथम निवडून गेले तेही याच पद्धतीने, आणि माझी आजी अखेरपर्यंत 'बैलांची पेटी' आणि 'झोपडीची पेटी' अशीच भाषा बोलत असे. पुढच्या आवृत्तीत या एका शब्दावर अर्धे पान खर्च करावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

चौथ्या रविवारी ॲलिसच्या बँकेची गोष्ट झाली. यादी गावातील बँकेच्या तिजोरीत होती, कारण ती ज्या पक्ष-अधिकाऱ्याच्या ताब्यात होती तो त्या बँकेत काम करत होता. स्टीव्हन्सन स्वतः तिथे गेले आणि त्यांच्याबरोबर होते फ्रँक हेमर, म्हणजे १९३४ साली बॉनी आणि क्लाइड या दरोडेखोर जोडीचा माग काढून तिचा शेवट करणारे, टेक्सासच्या राज्य पोलिसदलातील माजी रेंजर. रस्त्यावर पार यांची सशस्त्र माणसे उभी होती, हेमर यांना पाहून ती बाजूला झाली. आत यादी दाखवली गेली, पण हातात ठेवू दिली नाही. स्टीव्हन्सन यांच्या वकिलांनी जी काही नावे डोळ्यांखालून गेली ती लक्षात ठेवण्याचा प्रयत्न केला. हा प्रसंग चित्रपटासारखा असल्याने सर पुन्हा हेलिकॉप्टरच्या वाटेला जातात की काय, अशी भीती वाटली होती. परंतु या वेळी त्यांनी स्वतःला आवरले आणि प्रश्न योग्य जागी आणून ठेवला. यादीच्या प्रती एकाहून अधिक होत्या, मात्र सगळ्या एकाच गटाच्या माणसांकडे होत्या. पुढे न्यायालयीन चौकशी सुरू झाली तेव्हा त्या सापडेनाशा झाल्या. प्रत असणे आणि प्रत विरोधकाच्या खिशात असणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे वाक्य सरांचे नसून माझे आहे, पण ते त्यांच्याच मांडणीतून सुचले.

पक्षाच्या राज्य कार्यकारिणीची बैठक १३ सप्टेंबरला फोर्ट वर्थ येथे झाली आणि तिथे जॉन्सन यांच्या बाजूने २९ व विरोधात २८ मते पडली. दहा लाखांच्या घरातील मतदानाचा निकाल ८७ वर आणि त्या ८७ चा निकाल पुन्हा १ वर. या ठिकाणी एका श्रोत्याने २०२४ सालच्या मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाची आठवण काढली, जिथे लोकसभेचा निकाल ४८ मतांनी लागला आणि वाद न्यायालयात गेला. आमच्या गावातील कितीतरी चाकरमानी त्याच भागात राहतात, त्यामुळे चर्चा लगेच तापली आणि चिटणीसांनी सुरुवातीला सांगितलेली भीती खोटी नव्हती याचा प्रत्यय आला. सरांनी चहा मागवला आणि विषय पुन्हा टेक्सासला नेला. हे त्यांचे कौशल्य वाखाणण्यासारखे आहे.

पाचव्या सत्राने मात्र निराशा केली. चतुर्थी तोंडावर आल्याने निम्मे सभासद गणपतीवर बांधायच्या माटवीच्या तयारीत अडकले होते. सरांनाही घाई होती आणि न्यायालयाचा भाग, जो कायद्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होता, पाऊण तासात संपला. व्हिटफील्ड डेव्हिडसन या संघीय न्यायाधीशांनी जॉन्सन यांचे नाव नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर छापण्यास मनाई केली आणि पेट्या तपासण्यासाठी खास अधिकारी नेमले. जॉन्सन यांचे वकील एब फोर्टस यांनी वेळ न दवडता वरच्या पायऱ्या गाठल्या आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी राज्यातील पक्षांतर्गत निवडणुकीत संघीय न्यायालयाने हात घालू नये या भूमिकेवरून ती मनाई स्थगित केली. ॲलिसमध्ये पेट्या उघडण्याचे काम चालू असतानाच हा आदेश येऊन धडकला आणि काम थांबले. एवढ्या नाट्यमय घटनाक्रमात मतपत्रिका छापायला जाण्याची तारीख हाच खरा खलनायक होता. सगळे वकील त्या तारखेशी शर्यत लावत होते. हे सरांनी एका वाक्यात सांगितले आणि पुढे गेले. हेलिकॉप्टरचा दीड तास इथे वळवला असता तर वर्ग परिपूर्ण झाला असता.

दुसरी उणीव समतोलाची आहे. पाच सत्रे ऐकून बाहेर पडणाऱ्याची अशी समजूत होते की एका बाजूला लबाडी आणि दुसऱ्या बाजूला सचोटीचा साधा माणूस होता. मात्र जॉर्ज पार यांचे वजन त्याआधीच्या राज्यपालपदाच्या निवडणुकांत स्टीव्हन्सन यांच्याच पारड्यात पडत असे आणि पुढे एका नेमणुकीवरून त्यांचे बिनसले, ही गोष्ट सांगितल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. मी प्रश्न विचारल्यावर सरांनी ती मान्य केली, संचात मात्र ती नाही. तसेच ज्यांच्या नावावर ही मते लिहिली गेली ते दक्षिण टेक्सासमधील बहुसंख्य मेक्सिकन वंशाचे गरीब मतदार होते, त्यांचा मतदान कर पुढारी भरत आणि त्यांची मते आपली मालमत्ता समजत. या माणसांबद्दल वर्गात दोन मिनिटेही बोलले गेले नाही. १९७७ साली लुईस सालस या पेटी क्रमांक १३ च्या केंद्राध्यक्षाने आपण पार यांच्या हुकमावरून खोटी मते प्रमाणित केल्याची कबुली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या बातमीदाराला दिली. तोवर जॉन्सन, पार आणि स्टीव्हन्सन हे तिघेही निवर्तले होते. याच जॉन्सन यांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून ६ ऑगस्ट १९६५ रोजी कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्काचे रक्षण करणाऱ्या कायद्यावर सही केली, हेही सरांनी सांगितले. मात्र दोन गोष्टी शेजारी ठेवून पुढे काही न बोलण्याचे शहाणपण त्यांनी दाखवले आणि ते मला आवडले.

सोयींबद्दल थोडक्यात. सभागृह वरच्या मजल्यावर आहे आणि जिना अरुंद आहे, गुडघेदुखी असलेल्यांनी हे ध्यानात घ्यावे. वीज तीनदा गेली, पण इन्व्हर्टरवर पंखे चालू राहिले. वर्ग वेळेवर सुरू होतो, वेळेवर संपत नाही, आणि त्यामुळे खेड्यांतून येणाऱ्या आमच्यासारख्यांची संध्याकाळची शेवटची एसटी दोनदा चुकली. घावणे चांगले होते, चटणीत तिखट जास्त. ज्या वाचनालयांना हा वर्ग बोलवायचा असेल त्यांनी सत्रे पाचाऐवजी चार ठेवावीत, वहीचा प्रयोग काही झाले तरी वगळू नये आणि शक्य असल्यास निवडणूक शाखेतील एखाद्या निवृत्त कारकुनाला सन्मानाने आमंत्रण द्यावे.

छापील संच ६४ पानांचा, सुबक आणि मोठ्या टाइपातील आहे. त्यात एक मुद्रणदोष राहून गेला आहे, आणि तोही नेमका अंतिम निकालाच्या पानावर. जॉन्सन यांची मते ४,९४,१९१ बरोबर छापली आहेत, पण स्टीव्हन्सन यांची ४,९४,१०४ ऐवजी ४,९४,१४० छापली गेली, त्यामुळे वजाबाकी केली तर ८७ ऐवजी ५१ येते. वाचनालयाने ही चूक लपवली नाही. वाटपापूर्वी प्रत्येक प्रतीत शेवटचे दोन आकडे निळ्या शाईने खोडून वर 'बरोबर' आकडा लिहिला. सगळ्या प्रतींत, एकाच हाताने, एकाच शाईने. शेवटच्या दिवशी निघताना नानांनी ते पान उघडून ग्रंथपाल बाईंसमोर धरले आणि दुरुस्तीजवळ कोणाचीच सही नाही, अशी तक्रार केली. बाई आधी हसल्या, मग त्यांनी टेबलाच्या खणातून पेन काढून नानांच्या प्रतीवर आद्याक्षरे घातली आणि खाली तारीख टाकली. त्यांच्यामागे आम्ही अकरा जण आपापल्या प्रती घेऊन रांगेत उभे राहिलो, आणि माझी एसटी त्या दिवशी तिसऱ्यांदा चुकली.